प्रज्ञाचक्षु : वऱ्हाडांतील तिसऱ्या डोळ्याचा विचार

श्रावणांतल्या शेवटच्या सोमवारीं अकोला शहराला झोंप नसते. आदल्या रात्रींच शेंकडों तरुण पूर्णेच्या कांठीं गांधीग्रामला जाऊन घागरी भरतात आणि कावडी खांद्यावर घेऊन सुमारें १८ किलोमीटरांची वाट पायीं तुडवीत राजराजेश्वराच्या देवळाकडे निघतात. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायकामुलांची दाटी असते. पूर्णेचें पाणी पिंडीवर पडतें, बेलाचें त्रिदल वाहिलें जातें, आणि गर्दींतली एखादी आजी कडेवरच्या नातवाला सांगते कीं, हीं तीन पानें म्हणजे महादेवाचे तीन डोळे. नातवाचा प्रश्न ठरलेलाच असतो : "अन्‌ आजी, आपला तिसरा डोया कुठी हाये?" आजी त्याच्या दोन भुंवयांच्या मधोमध बोट टेंकवते आणि म्हणते, "इथी. पन तो मिटेल हाये."

आजीच्या या उत्तरांत एका फार जुन्या श्रद्धेचें सार आलें आहे. प्रत्येक माणसाच्या ठिकाणीं एक अधिक डोळा आहे. तो मिटलेला आहे. आणि तो उघडला म्हणजे माणूस खऱ्या अर्थानें जागा होतो. ही श्रद्धा केवळ अशिक्षितांची म्हणून सोडून देतां येणार नाहीं. शेगांवला २३ फेब्रुवारी १८७८ रोजीं प्रथम दिसलेले गजानन महाराज समोरच्याच्या मनांतलें ओळखीत, अशी वऱ्हाडांतल्या असंख्य घरांची समजूत आहे, आणि त्यांत पदवीधरांचीं घरें थोडीं नाहींत. अमरावतीचे नामांकित वकील आणि लोकमान्य टिळकांचे सहकारी दादासाहेब खापर्डे हे १९११-१२ सालीं कांहीं महिने शिर्डीस साईबाबांच्या सहवासांत राहिले व तेथल्या दिवसांची रोजनिशी त्यांनीं लिहून ठेवली. कायद्याचा कीस काढणाऱ्या माणसालाही जें पुराव्यांत मांडतां येत नाहीं त्याची ओढ लागते, हें त्यावरून दिसतें. म्हणून नातवाच्या प्रश्नाला आजवर कोणकोणतीं उत्तरें दिलीं गेलीं, त्यांतलें कोणतें टिकतें आणि कोणतें टिकत नाहीं, हें शांतपणें पाहिलें पाहिजे. कारण चुकीच्या उत्तराची किंमत हल्लीं पुष्कळ वेळां त्या नातवालाच द्यावी लागते.

पहिलें उत्तर पुराणांचें. शंकराच्या तिसऱ्या डोळ्याची सर्वांत प्रसिद्ध कथा मदनदहनाची. तपाला बसलेल्या शंकरावर मदनानें बाण रोखला, तेव्हां कपाळावरचा डोळा उघडला आणि मदनाची राख झाली. कालिदासानें 'कुमारसंभवां'त हाच प्रसंग रंगविला आहे. या कथेंत एक गोष्ट सहज नजरेंतून निसटते. त्या डोळ्यानें शंकरानें कोणाच्या पेटींतलें धन पाहिलें नाहीं, कोणाचें भविष्य वाचलें नाहीं, मिटलेल्या मुठींत काय आहे तें सांगितलें नाहीं. त्या डोळ्यानें त्यानें वासना जाळली. म्हणजे पुराणकारांच्या मतें तिसरा डोळा हें अधिक पाहण्याचें साधन नसून जें पाहून मन भुलतें त्याचा भूल पाडण्याचा जोर नाहींसा करणारें तेज आहे. त्रिदल वाहतांना आजीच्या मनांत हा अर्थ असतोच असें नाहीं. परंतु कथेंत तो स्पष्ट आहे.

दुसरें उत्तर योगशास्त्राचें. भगवद्गीतेंत दृष्टि भुंवयांच्या मध्यें स्थिर करण्याचा उल्लेख पांचव्या अध्यायांत आहे, आणि अंतकाळीं प्राण तेथेंच नेण्याचा उल्लेख आठव्यांत आहे. १२९० सालीं पूर्ण झालेल्या ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायांत कुंडलिनीच्या जागृतीचें जें विस्तृत वर्णन आहे, त्यानें मराठी माणसाच्या कल्पनेंत या विषयाला कायमचें घर करून दिलें. पुढें १५७७ सालीं बंगालमधील पूर्णानंद यानें 'षट्‌चक्रनिरूपण' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यांत भुंवयांच्या मधलें दोन पाकळ्यांचें आज्ञाचक्र सांगितलें आहे. कलकत्ता हायकोर्टाचे न्यायाधीश सर जॉन वुड्रॉफ यांनीं १९१९ सालीं हा ग्रंथ इंग्रजींत आणला, आणि आज जगभर चक्रांच्या ज्या रंगीत तसबिरी विकल्या जातात त्यांचें मूळ बऱ्याच अंशीं त्या एका भाषांतरांत सांपडतें.

'आज्ञा' या शब्दाचा अर्थ हुकूम. साधकाला येथें गुरूची आज्ञा ऐकूं येते, अशी परंपरेची समजूत. म्हणजे ज्याला लोक पाहण्याचें ठिकाण म्हणतात, त्याला शास्त्रानें ऐकण्याचें नांव दिलें आहे. हें नांव लक्षांत ठेवण्यासारखें आहे. वऱ्हाडांतल्याच एका पुरुषाच्या चरित्रांत त्याचा प्रत्यय पुढें येणार आहे. दुसरी लक्षांत ठेवण्याची गोष्ट पतंजलीची. योगसूत्रांच्या तिसऱ्या पादांत दूरचें दिसणें, झांकलेलें कळणें अशा सिद्धींची यादी दिली आहे खरी. पण त्याच पादांत पतंजलीनें हेंही सांगून टाकलें आहे कीं, बाहेरच्या व्यवहारांत ज्यांना सिद्धि म्हणतात त्या समाधीच्या मार्गांतले अडथळे होत. ज्या शास्त्राच्या नांवावर चमत्कार विकले जातात, त्या शास्त्रानेंच चमत्काराकडे पाठ फिरविण्यास सांगितलें आहे.

तिसरें उत्तर पश्चिमेकडून आलें. मेंदूच्या मध्यभागीं, खोल आंत, तुरीच्या दाण्याएवढी एक ग्रंथि आहे. तिचा आकार देवदारासारख्या वृक्षाच्या शंकूप्रमाणें दिसतो म्हणून तिला पिनियल हें नांव पडलें. मेंदूचे बहुतेक भाग उजवे-डावे असे जोडीनें आहेत, ही मात्र एकटी. एवढ्यावरून फ्रेंच तत्त्ववेत्ता देकार्त यानें १६४९ सालच्या आपल्या ग्रंथांत जीवात्म्याचें मुख्य आसन तिच्यांत मानलें. १८८६ सालीं न्यूझीलंडमधील तुआतारा नांवाच्या सरड्यासारख्या प्राण्याच्या डोक्यावर कातडीखालीं खराखुरा तिसरा डोळा असल्याचें बाल्डविन स्पेन्सर यानें दाखवून दिलें; त्या डोळ्याला भिंग आहे, प्रकाश जाणणारा पडदाही आहे. दोनच वर्षांनीं, १८८८ मध्यें, थिऑसफीच्या संस्थापिका मॅडम ब्लॅव्हॅट्स्की यांनीं 'सीक्रेट डॉक्ट्रिन' या ग्रंथांत असें प्रतिपादन केलें कीं, प्राचीन मानवांना तिसरा डोळा होता आणि पिनियल ग्रंथि ही त्याची उरलेली खूण होय. शंकराचा डोळा, योग्यांचें आज्ञाचक्र आणि शरीरशास्त्राची ग्रंथि यांची गांठ अशा रीतीनें एकोणिसाव्या शतकाच्या शेवटीं बांधली गेली. पुष्कळांना ती वेदकालीन वाटते. ती तेवढी जुनी नाहीं.

विसाव्या शतकांत या ग्रंथीचें खरें काम समजलें. १९५८ सालीं अमेरिकेंत आरन लर्नर यानें तिच्यांतून मेलाटोनिन नांवाचा द्रव वेगळा केला. अंधार पडला म्हणजे ही ग्रंथि तो रक्तांत सोडूं लागते आणि शरीराला रात्र झाल्याची वार्ता देते. उजेड झाला कीं तिचें काम मंदावतें. कुंपणावर मान डोलवीत बसणाऱ्या वऱ्हाडांतल्या साध्या सरड्याच्या डोक्यावरही बारीक ठिपक्यासारखा प्रकाश ओळखणारा डोळा आहे. पण माणसाची पिनियल ग्रंथि कवटीच्या आंत पूर्ण अंधारांत बसलेली आहे. बाहेर ऊन आहे कीं चांदणें, हें तिला स्वतःला कळत नाहीं. ती वार्ता तिच्यापर्यंत पोहोंचते ती दोन डोळ्यांच्या पडद्यांवरून निघालेल्या मज्जातंतूंमार्फत. ज्यांना प्रकाशाचा लवलेशही जाणवत नाहीं अशा पुष्कळ अंध व्यक्तींचें झोंपेचें घड्याळ म्हणूनच रोज थोडें थोडें सरकत जातें. शरीरांत तिसरा डोळा मानायचाच झाला, तर तो पहिल्या दोन डोळ्यांच्या सांगण्यावर चालणारा आहे.

येथपर्यंतचा विषय ग्रंथांचा झाला. तो घरांत कसा शिरतो तें आतां पाहावयाचें. गेल्या कांहीं वर्षांत भारतांतील अनेक शहरांत मुलांचा 'मिडब्रेन' जागृत करून देण्याचे, कोठें कोठें सरळ 'तिसरा डोळा' उघडून देण्याचे वर्ग निघाले. दोन दिवसांचें शिबिर, मोठी फी, कांहीं संगीत, कांहीं श्वासाचे व्यायाम. आणि शेवटीं पालकांसमोर मुलाच्या डोळ्यांना पट्टी बांधून त्याच्या हातांत पुस्तक दिलें जातें. मूल वाचतें. पत्त्यांचे रंग ओळखतें. आईच्या डोळ्यांत पाणी येतें, वडील टाळ्या वाजवितात, आणि शेजारच्या घरांतलें मूल पुढच्या शिबिराला दाखल होतें.

ही युक्ति नवी नाहीं. फ्रान्समध्यें झ्यूल रोमँ या लेखकानें १९२० सालीं कातडीनें पाहण्याच्या शक्तीवर एक संपूर्ण ग्रंथ लिहिला होता. या साऱ्या दाव्यांची छाननी करून मार्टिन गार्डनर यानें १९६६ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत जो लेख लिहिला, त्याच्या मथळ्यांतच त्यानें नाकाशेजारून डोकावण्याचा उल्लेख केला होता. माणसाचें नाक वर आलेलें असतें, त्यामुळें पट्टी कितीही घट्ट बांधली तरी नाकाच्या दोन्ही बाजूंना खालच्या अंगाला फट राहते, आणि त्या फटींतून मांडीवरचें पुस्तक उत्तम दिसतें. जादूगारांना हें पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. परीक्षाही सोपी आहे. तेंच पुस्तक मुलाच्या हातांत न देतां त्याच्या डोक्याच्या वर धरावें, पाठीमागें धरावें, किंवा बंद डब्यांत ठेवावें. वाचन तेथेंच थांबतें. अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यकर्त्यांनीं अशीं जाहीर आव्हानें दिलीं आहेत. लोकांना फसवून चमत्काराच्या नांवावर पैसे मिळविणें हें महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यानें गुन्हा ठरविलें आहे.

परंतु पैशाचें नुकसान हें त्यांतलें सर्वांत लहान नुकसान होय. आठ-नऊ वर्षांचें मूल पट्टीखालून पहिल्यांदा डोकावतें तेव्हां तें लबाडी करण्याच्या हेतूनें डोकावत नाहीं. दिसतें म्हणून तें वाचतें. मग टाळ्या पडतात. ज्या क्षणीं त्याच्या ध्यानांत येतें कीं, आपणांस फटींतून दिसत आहे आणि आईला वाटतें आहे कीं आपला तिसरा डोळा उघडला, त्या क्षणीं त्या मुलासमोर फार अवघड पेंच उभा राहतो. खरें सांगावें तर आईचा आनंद मोडतो. न सांगावें तर खोटें जन्मभर मनांत राहतें. बहुतेक मुलें गप्प बसतात. जागृतीच्या नांवाखालीं घरांत प्रवेश झाला तो असत्याचा. आणि तोही ज्यांच्यावर मुलानें सर्वांत अधिक विश्वास टाकावा, त्यांच्या टाळ्यांच्या गजरांत.

अशा वेळीं वऱ्हाडच्याच मातींत होऊन गेलेल्या एका पुरुषाची आठवण होणें अपरिहार्य आहे. डोळ्यांवर पट्टी बांधण्याचें त्याला कारणच पडलें नाहीं.

६ जुलै १८८१ रोजीं अमरावती जिल्ह्यांतील लोणी टाकळी या आजोळच्या गांवीं एका कुणबी घराण्यांत मुलगा जन्मला. घराणें मोहोडांचें, मूळ गांव चांदूर बाजार तालुक्यांतलें माधान. मूल अवघें नऊ महिन्यांचें असतां डोळ्यांत चुकीचें औषध घातलें गेलें आणि दोन्ही डोळ्यांची दृष्टि कायमची गेली. चौथ्या वर्षीं आईही गेली. आजीनें त्याला सांभाळलें. पुढें हाच मुलगा संत गुलाबराव महाराज म्हणून सर्व महाराष्ट्राला माहीत झाला, आणि लोकांनीं त्यांना पदवी दिली ती 'प्रज्ञाचक्षु', म्हणजे बुद्धि हाच ज्याचा डोळा.

त्या काळच्या अंध मुलापुढें वाट कोणती होती, याचा विचार करावा. बोटांनीं वाचावयाची ब्रेल लिपि एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांतच फ्रान्समध्यें निर्माण झाली होती. परंतु हिंदुस्थानांत अंधांसाठीं पहिली शाळा निघाली ती १८८७ सालीं अमृतसरला, आणि मुंबईंत अशी शाळा येण्यास १९०० साल उजाडावें लागलें. माधानसारख्या खेड्यांतल्या मुलापर्यंत त्यांतलें कांहींच पोहोंचण्यासारखें नव्हतें. त्याच्याजवळ होते ते दोन कान, विलक्षण स्मरणशक्ति, आणि त्याला वाचून दाखविण्यास तयार असलेलीं माणसें. ऐकावें, मनांत सांठवावें, त्यावर विचार करावा, आणि पुन्हां ऐकावें, हीच त्याची शाळा होती. वेदान्त, योग, भक्तिशास्त्र, आयुर्वेद, संगीत यांपासून डार्विन व स्पेन्सर यांच्या मतांपर्यंत त्यांनीं जें जें मिळविलें तें या वाटेनें मिळविलें. १९०१ सालीं ज्ञानेश्वर महाराजांनीं आपणांस दर्शन देऊन स्वनामाचा मंत्र दिला, अशी त्यांची श्रद्धा होती. तेव्हांपासून ते स्वतःला ज्ञानेश्वरांची कन्या म्हणवीत. अद्वैत आणि मधुराभक्ति यांचा मेळ घालणाऱ्या त्यांच्या विचाराला मधुराद्वैत असें नांव आहे.

२० सप्टेंबर १९१५ रोजीं पुण्यास त्यांचा देह पडला, तेव्हां त्यांचें वय फक्त ३४ वर्षांचें होतें. तेवढ्या अवधींत संस्कृत, मराठी आणि हिंदी या भाषांत लहानमोठे मिळून सव्वाशेंहून अधिक ग्रंथ त्यांच्या हातून, खरें म्हणजे त्यांच्या मुखांतून, तयार झाले. 'संप्रदायसुरतरु', 'प्रेमनिकुंज', 'साधुबोध', 'मानसायुर्वेद' हीं त्यांतलीं कांहीं नांवें. एवढ्यावर समाधान न होऊन त्यांनीं 'नावंग' नांवाची एक स्वतंत्र भाषाही रचली. हें सारें त्यांनीं सांगावें आणि बाबाजी महाराज पंडित यांच्यासारख्या शिष्यांनीं व सहवासी मंडळींनीं लिहून घ्यावें, असा क्रम होता.

महाराजांविषयीं चमत्काराच्या कथा भाविकांत पुष्कळ आहेत, आणि श्रद्धेनें त्या सांगणाऱ्यांशीं वाद घालण्याचें येथें प्रयोजन नाहीं. एक प्रयोग मात्र करून पाहण्यासारखा आहे. त्या सर्व कथा क्षणभर बाजूला ठेवाव्या आणि मग काय उरतें तें पाहावें. उरते ती ग्रंथांची रास. दृष्टि नसलेल्या माणसाला बंद पुस्तक आपोआप वाचतां आलें, असें मानलें तर त्या राशीचें मोल वाढत नाहीं, उलट कमी होतें. कारण मग ऐकण्याचे कष्ट, स्मरणाचे कष्ट, तासन्‌तास वाचून दाखविणाऱ्या माणसांचें प्रेम, हें सारें वजा होतें. गुलाबराव महाराजांचा तिसरा डोळा अनेकांच्या डोळ्यांनीं मिळून बनलेला होता. वाचणाऱ्याचे डोळे, लिहिणाऱ्याचे हात आणि ऐकणाऱ्याची प्रज्ञा एकत्र आली, तेव्हां तो उघडला. आज्ञाचक्राला ऐकण्याचें नांव कां दिलें असावें, याचा उलगडा माधानच्या या पुरुषाकडे पाहिल्यावर होतो.

'प्रज्ञाचक्षु' या शब्दाचा इतिहासही बोधप्रद आहे. महाभारतांत हें विशेषण येतें तें आंधळ्या धृतराष्ट्राला. युद्धापूर्वीं व्यासांनीं त्याला दृष्टि देऊं केली होती. आप्तांचा संहार पाहवणार नाहीं म्हणून त्यानें ती नाकारली, आणि मग संजयाला दिव्यदृष्टि मिळाली. संजय जें जें घडलें तें तें सांगत गेला, धृतराष्ट्र ऐकत गेला. तरीही पुत्रमोहापुढें त्याच्या प्रज्ञेचा डोळा उघडला नाहीं. सभेंत द्रौपदीची विटंबना होत असतां त्याला काय कळत नव्हतें? विदुर तर कानांशीं बोलत होता. एकाच विशेषणाचे हे दोन धनी. दोघेही अंध, दोघांनाही सांगणारीं माणसें लाभलीं. एकानें ऐकलेलें मनांत घेतलें, दुसऱ्यानें कानांवरून जाऊं दिलें. दिव्यदृष्टीचा मनुष्य घरांत ठेवूनही घराचा नाश टळत नाहीं, हें व्यासांनीं दाखवून ठेवलें आहे.

याच्या नेमकें उलट उदाहरणही अमरावती जिल्ह्यानेंच दिलें. २३ फेब्रुवारी १८७६ रोजीं शेंडगांव येथें परीट घराण्यांत जन्मलेले गाडगे महाराज यांना डोळे दोन्ही उत्तम होते, मात्र अक्षरओळख नव्हती. १९०५ सालीं त्यांनीं घर सोडलें. अंगावर चिंध्या, डोक्यावर गाडगें, हातांत खराटा. गांवांत शिरल्यावर इतरांना जी घाण दिसत असूनही दिसत नव्हती, ती त्यांनीं पाहिली आणि झाडून काढली. रात्रीं कीर्तनाला उभे राहिले म्हणजे ते उपदेश थोडा करीत आणि प्रश्न फार विचारीत. कर्ज काढून सण करावा काय, देवाला बकरा मारावा काय, पोराला शाळेंत घातलें काय. उत्तर श्रोत्यांच्याच तोंडून येई आणि म्हणून तें त्यांच्या घरापर्यंत जाई. स्वतः अक्षरशत्रु असलेल्या या माणसानें धर्मशाळा बांधविल्या, शिक्षणासाठीं लोकांना द्रव्य देण्यास लावलें. २० डिसेंबर १९५६ रोजीं अमरावतीजवळच त्यांचा अंत झाला, आणि १९८३ सालीं स्थापन झालेल्या अमरावतीच्या विद्यापीठाला आज त्यांचेंच नांव आहे. भुंवयांच्या मधल्या डोळ्याविषयीं त्यांनीं कोणाला शिबिर भरवून शिकविलें नाहीं. असलेल्या दोन डोळ्यांनीं समोरचें खरोखर पाहावयास त्यांनीं वऱ्हाडाला शिकविलें.

या दोन चरित्रांवरून जागृतीचीं कांहीं लक्षणें सांगतां येतात, आणि तीं कोणत्याही घरांत पडताळून पाहण्याजोगीं आहेत. जागा झालेला माणूस पूर्वींपेक्षां अधिक ऐकतो. त्याला स्वतःचा मोह आधीं दिसतो, दुसऱ्याचा मागाहून. त्याच्या जागृतीचा उपयोग शेजाऱ्याला होतो. तिचें प्रदर्शन मांडावें लागत नाहीं. आणि तिला वेळ लागतो. गुलाबराव महाराजांचें आयुष्य केवळ ३४ वर्षांचें. पण त्यांतला प्रत्येक दिवस श्रवणाचा होता. दोन दिवसांच्या फीमध्यें जी मिळते ती जागृति नव्हे.

ध्यान करूं नये, असा याचा अर्थ नाहीं. मुलानें रोज थोडा वेळ शांत बसावें, श्वासाकडे लक्ष द्यावें, त्यानें मन स्थिर होण्यास साहाय्य होतें. वडीलधाऱ्यांनींही त्याच्या शेजारीं बसावें. देवावर श्रद्धा असेल तर तीही असूं द्यावी. फक्त त्या शांततेच्या बदल्यांत मुलाकडून चमत्काराची अपेक्षा करूं नये. कोणी पट्टी बांधून वाचून दाखवूं लागला, तर त्याला रागें न भरतां, चारचौघांत न लाजवितां, एकांतीं जवळ घेऊन विचारावें कीं, बाळा, तुला खालून दिसतें का? आणि तो "हो" म्हणाला, तर त्याला शाबासकी द्यावी. पूर्वीं वाजविलेल्या टाळ्यांपेक्षां ही शाबासकी त्याच्या अधिक उपयोगीं पडेल. त्याच वेळीं त्याच्या खऱ्या डोळ्यांचीही काळजी घ्यावी. तान्ह्या मुलाच्या डोळ्यांत कोणाच्या सांगण्यावरून कांहींही घालूं नये, डोळे आले तर डॉक्टरांकडे न्यावें, फळा दिसत नसेल तर चष्मा द्यावा. एका चुकीच्या औषधानें वऱ्हाडांतल्या एका मुलाची दृष्टि नेली, ही गोष्ट त्याच्या पुढच्या थोरवीच्या तेजांत विसरली जाऊं नये. प्रत्येक अंध मुलाचा गुलाबराव होत नाहीं. प्रत्येक अंध मुलाला वाचून दाखविणारीं माणसें मात्र मिळूं शकतात, आणि अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांनीं मनावर घेतलें तर आठवड्यांतला एक तास त्यासाठीं काढणें अशक्य नाहीं. परीक्षेला बसलेल्या अंध विद्यार्थ्याचा लेखनिक होणें, त्याला पाठ्यपुस्तक मोठ्यानें वाचून दाखविणें, हीं कामें आजही आहेत आणि उद्यांही राहतील.

राजेश्वराच्या देवळांतून गर्दी ओसरल्यावर आजी नातवाला घेऊन घरीं परतते. वाटेंत तो पुन्हां विचारतो, "मंग आजी, माहा डोया कधी उघडीन?" आजीला षट्‌चक्रें माहीत नसतात, पिनियल ग्रंथि ठाऊक नसते. रस्त्याच्या कडेला कावडीखालीं खांदा सोलवटलेला एक पोरगा दमून बसलेला असतो. आजी तांब्या नातवाच्या हातांत देते आणि म्हणते, "त्याले पानी दे आंधी." नातवानें त्याच्याकडे आतांच प्रथम पाहिलेलें असतें.